मुळाशी इमान : विडंबनपटाच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९५७ साली 'झीरो अवर!' नावाचा एक कृष्णधवल अमेरिकी चित्रपट आला. विमानातल्या जेवणात ज्यांनी ज्यांनी मासे घेतले, त्यांना विषबाधा होते. दोन्ही वैमानिक आडवे होतात. उतारूंमध्ये टेड स्ट्रायकर नावाचा एक माजी लढाऊ वैमानिक असतो. युद्धात आपल्या निर्णयापायी साथीदार मेले, ही टोचणी त्याला वर्षानुवर्षं छळत असते आणि आता हे विमान त्यालाच उतरवायचं असतं. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९८० साली, 'एअरप्लेन!' आला. त्यातही मासे, त्यातही विषबाधा, नायकही टेड स्ट्रायकरच. कित्येक संवाद तर जसेच्या तसे उचललेले. पहिला चित्रपट प्रेक्षकाने श्वास रोखून बसावं म्हणून काढलेला होता. दुसरा पाहताना हसून हसून पुरेवाट होते. विडंबनपटाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला मी पहिलं काम हेच सांगेन : हे दोन चित्रपट लागोपाठ पाहा, आणि 'झीरो अवर!' आधी पाहा.

डेव्हिड झकर, जेरी झकर आणि जिम एब्राहम्स हे तिघे 'एअरप्लेन!'चे लेखक-दिग्दर्शक. प्रहसनं करणारी त्यांची एक छोटी नाटकमंडळी होती. टीव्हीवर रात्री उशिरा लागणाऱ्या जाहिरातींची नक्कल करता यावी म्हणून ते रेकॉर्डर चालू ठेवत. तशातच 'झीरो अवर!' त्यांच्या हाती लागला. त्याचे हक्क त्यांनी रीतसर विकत घेतले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत 'एअरपोर्ट' मालिकेतल्या विमानसंकटाच्या चित्रपटांची लाट होती. ती मालिका ज्या कादंबरीवरून सुरू झाली तिचे लेखक आर्थर हेली, आणि 'झीरो अवर!'च्या पटकथेतही हेलींचाच हात होता. म्हणजे या तिघांनी लाटेवरच्या फेसावर न थांबता ती लाट जिथून उठली तिथपर्यंत जाऊन पाहिलं. स्टुडिओला पंख्याचं जुनं विमान नको होतं, जेट हवं होतं. तिघांनी जेट दाखवलं, पण चित्रपटभर त्याला आवाज पंख्याच्या विमानाचा दिला. जुन्या चित्रपटाचा सूर सुटू नये यासाठी ते किती जपत होते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

कलाकारांची निवडही याच नजरेनं झाली. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्ज या चौघांपैकी एकाचीही ओळख विनोदी नट म्हणून नव्हती. स्टॅक म्हणजे 'द अनटचेबल्स'मधला करारी अधिकारी, ग्रेव्ह्ज म्हणजे 'मिशन : इम्पॉसिबल'चा म्होरक्या. नील्सन 'द पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये बुडत्या जहाजाचा कप्तान होता. संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचं. 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसन्ट सेव्हन'ला साज चढवणारे हेच ते. पडद्यावर काहीही चाललेलं असो, त्यांचं संगीत शेवटपर्यंत विमान खरोखरच संकटात असल्यासारखं वाजत राहतं. या चित्रपटात कुणालाही आपण विनोदी चित्रपटात आहोत याचा पत्ता नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, आणि पुढचं सगळं विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे : विडंबनपट उभा राहतो तो मूळ प्रकाराच्या गांभीर्याला धरून राहिल्यामुळे, आणि ते गांभीर्य सुटलं की पडतो. ज्याची नक्कल करायची त्याची शिस्त नक्कल करणाऱ्याला मूळ कर्त्याइतकीच, किंबहुना काकणभर जास्त, अवगत असावी लागते.

'एअरप्लेन!'मधला एक प्रसंग जवळून पाहू. 'एअरपोर्ट १९७५'मध्ये मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेली एक आजारी मुलगी आहे आणि तिला गिटारवर गाणं म्हणून दाखवणारी एक नन आहे. प्रेक्षकाचे डोळे पाणावावेत यासाठीच तो प्रसंग घातलेला. 'एअरप्लेन!'मध्ये गिटार ननचीच आहे, पण ती मागून घेऊन गाणं म्हणते हवाई सुंदरी. मुलीला सलाइन लावलेलं. गाणं गोड आहे, गाणारीचा चेहरा मायेनं भरलेला आहे, आजूबाजूचे उतारू कौतुकानं पाहताहेत. आणि गाण्याच्या भरात गिटारच्या दांड्याचा धक्का लागून सलाइनची नळी निसटते. मुलगी तडफडते आहे, गाणं चालूच आहे. इथे विनोद नेमका कुठे आहे? गाणारीनं एकदा जरी प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारला असता, गाणं जरा बेसूर असतं, उतारूंपैकी कुणी तोंड वेंगाडलं असतं, तर प्रसंग मेला असता. प्रसंग जगतो तो त्यातल्या भावुकतेला कुणीही हात न लावल्यामुळे. बदललीय फक्त एक गोष्ट, आणि तीही मूळ दृश्यात आधीच दडलेली होती : अरुंद जागा, लांब गिटार, आजारी मूल. 'एअरपोर्ट १९७५' पाहिलेला नसलेला प्रेक्षकही इथे हसतो. ही कसोटी वाचकानं लक्षात ठेवावी, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

चित्रपटातलं विडंबन सिनेमाइतकंच जुनं आहे. एडविन पोर्टर यांनी १९०३ साली 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' काढला आणि १९०५ साली लहान मुलांना दरोडेखोर करून स्वतःच त्याचं विडंबन केलं. बस्टर कीटनच्या 'थ्री एजेस'नं (१९२३) ग्रिफिथच्या अवाढव्य 'इन्टॉलरन्स'ची रचना उचलली. हा इतिहास मोठा आहे, पण नवख्या अभ्यासकानं आधी त्यात शिरायचं कारण नाही.

सिद्धांताकडे मात्र लवकर यावं. कॅनडाच्या समीक्षक लिंडा हचन यांचं 'अ थिअरी ऑफ पॅरडी' १९८५ साली आलं. विडंबनात टवाळी असलीच पाहिजे हा जुना समज त्यांनी बाजूला सारला. पुनरावृत्ती आणि तिच्यात राखलेलं चिकित्सक अंतर एवढंच त्यांनी विडंबनाचं लक्षण मानलं. आदरानं केलेलं विडंबन असू शकतं, हे आपल्याला त्यांनीच नीट समजावलं. डॅन हॅरीस यांच्या 'फिल्म पॅरडी'त (२०००) चित्रपटीय विडंबनाच्या सहा युक्त्या सांगितल्या आहेत : मूळ संकेत पुन्हा गिरवणं, ते उलटवणं, अपेक्षा वाढवून भलतीकडे नेणं, शब्दशः अर्थ घेणं, उपरी गोष्ट घुसवणं आणि अतिशयोक्ती. ही वर्गवारी कामाची आहे. कुठलाही विडंबनपट समोर ठेवा, त्यातले विनोद या सहा खणांत बसवता येतात. पण अडचण नेमकी तिथेच आहे. अत्यंत रद्दी विडंबनपटातले विनोदही त्याच सहा खणांत तितक्याच सुखानं बसतात. युक्ती कोणती वापरली यावरून यशापयशाचा उलगडा होत नाही. तो शोधायला दृश्याच्या आत जावं लागतं.

त्यासाठी मेल ब्रुक्स यांचा 'यंग फ्रँकनस्टाइन' (१९७४) घेऊ. हा चित्रपट कृष्णधवलच हवा यावर ब्रुक्स आणि सहलेखक-नायक जीन वाइल्डर अडून बसले. एका स्टुडिओनं नकार दिला तर दुसऱ्याकडे गेले. १९३१ सालच्या 'फ्रँकनस्टाइन'मधली ठिणग्या उडवणारी विजेची यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी बनवली होती आणि ती त्यांनी जपून ठेवली होती. तीच यंत्रं ब्रुक्सच्या प्रयोगशाळेत पुन्हा चालू झाली. प्रकाशयोजना, धुकं, किल्ल्याच्या पायऱ्या सगळं जुन्या भयपटाच्या घरातलं.

या चित्रपटातला आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग 'ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन'वरून (१९३५) आला आहे. मूळ प्रसंगात रानातल्या झोपडीत एकटा राहणारा आंधळा म्हातारा राक्षसाला घरात घेतो, त्याला पाव देतो, वाइन देतो, चिरूट ओढायला शिकवतो, आणि आपल्याला सोबती मिळाला म्हणून देवाचे आभार मानताना त्याला रडू कोसळतं. भयपटांच्या इतिहासात इतकं हळवं दृश्य क्वचितच सापडेल. ब्रुक्सच्या चित्रपटात हा म्हातारा जीन हॅकमन करतो. तोही पाहुणा आला म्हणून तितकाच हरखलेला आहे. तो सूप वाढतो, पण दिसत नसल्यामुळे कढत सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो. पेल्याला पेला भिडवताना राक्षसाचा पेला फोडतो. चिरूट पेटवायला जातो आणि त्याचा अंगठा पेटवतो. बिचारा राक्षस हे सगळं शक्य तितक्या सभ्यपणे सोसत राहतो आणि शेवटी ओरडत पळून जातो. मागे म्हातारा पुन्हा एकटा.

इथे बारकाईनं पाहावं. मूळ दृश्यातला एकही घटक बदललेला नाही. म्हाताऱ्याचं प्रेम खरं आहे, एकटेपण खरं आहे. १९३५ सालच्या दिग्दर्शकानं ज्या एका गोष्टीकडे काणाडोळा केला होता, तीच ब्रुक्सनी मनावर घेतली : आंधळा माणूस अनोळखी पाहुण्याला गरम सूप वाढणार असेल तर ते जाईल कुठे? चांगलं विडंबन मूळ कृतीला तिच्याच तर्कानं पुढे नेतं. म्हणूनच हे दृश्य पाहून मूळ दृश्याबद्दलचं प्रेम कमी होत नाही. माझं तर ते वाढलं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. २००६ ते २००८ या तीन वर्षांत जेसन फ्रीडबर्ग आणि ॲरन सेल्टझर या जोडीचे 'डेट मूव्ही', 'एपिक मूव्ही', 'मीट द स्पार्टन्स' आणि 'डिझास्टर मूव्ही' असे चार चित्रपट आले. यांपैकी दोन तर अमेरिकेत पहिल्या आठवडाअखेरीच्या कमाईत अव्वल ठरले. म्हणून गल्ल्यावरून यश मोजणाऱ्यानं या क्षेत्रात जपून चालावं. समीक्षकांनी त्यांना झोडपलं आणि आज ते कुणी आवडीनं लावून पाहत असेल असं मला वाटत नाही. 'डिझास्टर मूव्ही'त त्याच उन्हाळ्यात पडद्यावर आलेल्या 'आयर्न मॅन', 'हॅन्कॉक' यांसारख्या चित्रपटांतली पात्रं एकामागून एक येतात. पात्र येतं, कुणीतरी त्याचं नाव घेतं, त्याच्या अंगावर काहीतरी कोसळतं, ते जातं. प्रेक्षकाकडून अपेक्षा एवढीच की त्यानं पात्र ओळखावं. ओळख पटल्याचा आनंद होतोच, तो मी नाकारत नाही. पण तो क्षणभराचा असतो आणि त्यावर काही उभं करता येत नाही. गिटारच्या प्रसंगाची कसोटी इथे लावून पाहा : मूळ चित्रपट न पाहिलेल्या माणसाच्या हाती काय उरतं? काहीच नाही. शिवाय ज्या चित्रपटांचे संकेत अजून प्रेक्षकाच्या मनात रुजलेलेच नाहीत, ते मोडण्यात मजा कसली? संकेत मुरायला वर्षं लागतात. 'एअरप्लेन!'च्या मागे विमानसंकटाच्या चित्रपटांची दोन दशकांहून जास्त परंपरा होती.

हुशारी असूनही विडंबनपट पडतो, हेही अभ्यासकानं पाहायला हवं, आणि ते जास्त शिकवून जातं. 'एअरप्लेन!'च्या त्याच तिघांनी १९८४ साली 'टॉप सीक्रेट!' काढला. त्यातलं पुस्तकाच्या दुकानातलं दृश्य सबंध उलटं अभिनीत करून, चित्रित करून, मग सुलट दाखवलेलं आहे. कल्पकतेच्या बाबतीत ते 'एअरप्लेन!'मधल्या कुठल्याही दृश्याला हार जाणार नाही. तरी चित्रपटाला जेमतेम प्रतिसाद मिळाला. माझ्या मते कारण असं की त्यात एल्विस प्रेस्लीचे संगीतपट आणि महायुद्धातले हेरपट असे दोन प्रकार एकत्र बांधले आहेत आणि दोहोंपैकी एकाचंही कथानक प्रेक्षकाला धरून ठेवत नाही. 'एअरप्लेन!'मध्ये कितीही हसलो तरी विमान उतरणार का, हा प्रश्न मागे जागा असतो. हसण्याच्या दोन लाटांमधला वेळ तो प्रश्न भरून काढतो. 'टॉप सीक्रेट!'मध्ये तो वेळ रिकामा राहतो. पुढे या तिघांनी 'रूथलेस पीपल' (१९८६) केला तेव्हा पक्क्या विणीचं कथानक हाती घेतलं, ही गोष्ट बोलकी आहे.

कलाकारांनाही गांभीर्याचा हाच नियम लागू. फ्रँकी लेन हे काउबॉय चित्रपटांची गाणी गाण्यासाठी नावाजलेले गायक. मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स'चं (१९७४) शीर्षकगीत त्यांनी गायलं, तेव्हा हा विनोदी चित्रपट आहे याची त्यांना कुणी कल्पना दिलेली नव्हती. त्यांनी ते जीव ओतून गायलं आणि चित्रपटाची पहिली दोन मिनिटं त्या गाण्यानं जिंकली. याउलट लेस्ली नील्सन. 'पोलीस स्क्वॉड!' (१९८२) या मालिकेत आणि 'द नेकेड गन'मध्ये (१९८८) त्याच्या निर्विकार चेहऱ्याला तोड नाही. पण नव्वदच्या दशकातल्या 'स्पाय हार्ड'सारख्या चित्रपटांत तोच नट डोळे फिरवतो, तोंड वाकडं करतो, आपण गमतीदार आहोत हे जाणून वावरतो. दरम्यान तो विनोदी नट म्हणून प्रसिद्ध झाला होता आणि ही प्रसिद्धीच त्याच्या मुळावर आली. २०२५ साली 'द नेकेड गन' नव्यानं केला गेला तेव्हा त्या जागी 'टेकन'मधला गंभीर, दरडावणारा लियम नीसन आला. जुना धडा कुणाच्या तरी लक्षात होता.

एक प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला वाटत नाही. मूळ चित्रपट आधीच स्वतःकडे पाहून हसत असेल तर विडंबनकारानं काय करावं? 'स्क्रीम'मधली (१९९६) पात्रं भयपटाचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्याचं विडंबन करणारा 'स्केअरी मूव्ही' (२०००) तुफान चालला, पण त्यातलं बरंचसं हसू अचकटविचकट शारीरिक विनोदातून येतं. 'स्क्रीम'च्या रचनेतून येणारं थोडंच. आजच्या सुपरहिरोपटांत नायक स्वतःच्या पोशाखावर स्वतःच विनोद करतो. जिथे गांभीर्य शिल्लकच नाही तिथे विडंबनाला बूड कुठून मिळणार, याचं उत्तर नव्या अभ्यासकांनी शोधावं.

भारतीय चित्रपटाकडे वळलं की चित्र बदलतं. हिंदी चित्रपटात पूर्ण लांबीचा विडंबनपट क्वचितच दिसतो, कारण मसालापट आपलं विडंबन आपल्याच पोटात बाळगतो. ते काम विनोदी नटाकडे सोपवलेलं असतं. 'प्यार किये जा'मध्ये (१९६६) मेहमूद ओमप्रकाशला आपल्या भावी भयपटाची गोष्ट सांगतो. दाराची करकर, पावलं, वारा, सगळे आवाज तोंडानं काढतो. प्रसंग दोन माणसांचा आणि एका खोलीचा. हसू येतं ते मेहमूदपेक्षाही ओमप्रकाशमुळे, कारण तो खरोखर घाबरतो. त्या भीतीत तसूभरही खोट नाही. 'जाने भी दो यारो'च्या (१९८३) शेवटी द्रौपदी वस्त्रहरणाच्या नाटकात एक प्रेत द्रौपदी म्हणून उभं केलं जातं, आणि रंगमंचावरची नटमंडळी गोंधळातही आपली पौराणिक भाषा आणि आविर्भाव सोडत नाहीत. तमिळमध्ये 'तमिळ पडम'नं (२०१०) तिथल्या नायकप्रधान चित्रपटांचे संकेत पूर्ण लांबीच्या कथेत गुंफले. त्याकडे मराठी वाचकानं जरूर पाहावं.

आणि मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. दरोडेखोरांना घोडे परवडत नव्हते, म्हणून ते सायकलींवर आले. कॅमेरा सरकवायलाही सायकल, आणि वर उचलायला बैलगाडी. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटानं ही सारी खटपट जगापुढे आणली. इथला विनोद मूळ चित्रपट आणि हाताशी असलेली साधनं यांच्यातल्या अंतरातून येतो, हे उघड आहे. पण नुसत्या अंतराला माणूस पाच मिनिटं हसेल. सायकलवरचा दरोडेखोर घोड्यावरच्या ऐटीतच येतो. 'शोले'चा प्रत्येक कोन आणि प्रत्येक थांबा या मंडळींना पाठ आहे. 'एअरप्लेन!'च्या कर्त्यांनी पंख्याचा आवाज जपला, तसं यांनी घोडेस्वाराचा रुबाब जपला. चित्रपट-अभ्यासाच्या मुख्य प्रवाहात मालेगावला तळटीपेपलीकडे जागा मिळायला हवी, असं मी आग्रहानं म्हणेन.

मराठी वाचक या क्षेत्रात रिकाम्या हातानं येत नाही. आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' त्याच्या परिचयाची आहे. रविकिरण मंडळाच्या कवींची लकब अत्र्यांनी पकडली ती त्या कवितेची घडण त्यांना पुरती ठाऊक होती म्हणून. केशवकुमार, म्हणजे अत्रेच, स्वतः गंभीर कविताही लिहीत. विडंबनकाव्यावर मराठीत लिहिलं गेलं त्या मानानं विडंबनपटावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. सामग्री मात्र रोज समोर येते. 'चला हवा येऊ द्या' (२०१४) सारख्या कार्यक्रमांनी गाजलेल्या मराठी चित्रपटांवर प्रहसनं केली आणि ती घराघरांत पाहिली गेली. प्रहसन थोड्या मिनिटांचं असतं, त्यामुळे ओळखीच्या आनंदावर ते निभावून जातं : पेहराव दिसला, ओळखीची लकब ऐकू आली, हशा आला. दीड तासाच्या चित्रपटाला हे भांडवल पुरत नाही. त्याला आतून एक धडधाकट कथानक लागतं, विनोद काढून घेतले तरी उभं राहील असं.

अशा विडंबनपटासाठी मराठीत हाताशी असलेला, सगळ्यांना ज्याचे संकेत पाठ आहेत असा प्रकार म्हणजे तमाशापट. फेटेवाला पाटील, फडातली कलावंतीण, बैठकीची लावणी, घरी वाट पाहणारी सोशिक पत्नी, आणि शेवटी कुणाच्या तरी त्यागानं सुटणारा पेच. 'सांगत्ये ऐका'पासून (१९५९) पुढचे काही तमाशापट ओळीनं पाहावेत आणि प्रत्येक दृश्यात दिग्दर्शकानं कशाकडे काणाडोळा केला आहे त्याची टिपणं काढावीत : पाटील फडावर पैसे उधळतो तेव्हा घरचा हिशोब कोण ठेवतं, लावणी चालू असताना ढोलकीवाला काय पाहत असतो, मध्यरात्री घरी परतलेल्या पाटलाला दार कोण उघडतं.